दरड का कोसळते, आणि गावावरचा डोंगर पावसाआधी कसा तपासायचा

दरड कोसळली की दुसऱ्या दिवशी सगळी चर्चा एका प्रश्नावर येते: आपत्ती नैसर्गिक की मानवनिर्मित? याचं एका शब्दात उत्तर देऊ नये, कारण त्या शब्दापाशी चौकशी थांबते. 'अतिवृष्टीमुळे' म्हटलं की कुणी काही करायचं उरत नाही. 'झाडं तोडल्यामुळे' म्हटलं की ज्यांच्या डोंगरावर झाडं शाबूत आहेत ते निर्धास्त होतात. दरडी दाट जंगलातूनही सुटतात.

त्याऐवजी चार वेगळे प्रश्न विचारा. डोंगर मुळात कशाचा आणि कसा बनला आहे? माणसाने त्यात काय बदल केले? शेवटचा धक्का कशाने दिला? आणि त्या क्षणी माणसं तिथे का होती? पहिल्या तिघांमुळे दरड कोसळते. चौथ्यामुळे तिची आपत्ती होते. निर्जन कड्यावरून दर पावसाळ्यात माती-दगड सुटत असतात, त्याची बातमीही होत नाही.

३० जुलै २०१४ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाडलं गेलं आणि १५१ माणसं गेली. २२ जुलै २०२१ला महाड तालुक्यातल्या तळीयेत ८०हून अधिक माणसं गेली. १९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यातली इरशाळवाडी गाडली गेली. तिथे २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण बेपत्ताच राहिले. तिन्ही ठिकाणी शेवटचा धक्का पावसाचा होता. पण त्या दिवशी तसाच पाऊस झेलणाऱ्या शेकडो वाड्या जागेवर राहिल्या. फरक कुठे पडतो ते पावसाळ्याआधी बऱ्याच अंशी तपासता येतं.

डोंगराच्या आत काय चालतं

सह्याद्री म्हणजे लाव्हाचे एकावर एक बसलेले थर. घट्ट काळा दगड, त्यावर सच्छिद्र दगड, मध्येच तांबड्या मातीचा पातळ थर, पुन्हा घट्ट दगड. पावसाचं पाणी भेगांतून खाली उतरतं. घट्ट थर लागला की ते अडतं, आडवं वाहतं आणि उतारावर झरा होऊन बाहेर येतं. तांबडा थर पाण्याने फुगतो आणि मऊ पडतो.

कड्याच्या पायथ्याशी हजारो वर्षांत सुटलेल्या माती-दगडांचा ढीग साचतो आणि तिथे थोडी सपाटी तयार होते. झरा तिथे, माती तिथे, त्यामुळे अनेक वाड्याही नेमक्या तिथेच वसल्या. म्हणजे घराखालची जमीन हीच बऱ्याचदा जुन्या दरडीचा ढीग असते. घराचा पाया किंवा विहीर खणताना मातीत वेड्यावाकड्या रुतलेल्या, धारदार कडांच्या मोठ्या शिळा लागल्या असतील, तर जागा या प्रकारातली समजा.

उतारावरची माती टिकून राहते ती कणांच्या एकमेकांवरच्या घर्षणामुळे, चिकटपणामुळे आणि मुळांच्या पकडीमुळे. पाऊस पडला की मातीचं वजन वाढतं. एक घनमीटर कोरडी माती साधारण दीड टनाची असते, चिंब भिजल्यावर ती दोन टनांच्या जवळ जाते. पण वजनापेक्षा घातक असतो तो कणांच्या मधल्या पाण्याचा दाब. पोकळ्या भरल्या की पाणी कणांना एकमेकांपासून उचलून धरतं आणि घर्षण झपाट्याने कमी होतं. म्हणून पहिल्या दिवशीच्या २०० मिलिमीटर पावसाने जे होत नाही ते चौथ्या दिवशीच्या १०० मिलिमीटरने होऊ शकतं. इरशाळवाडीच्या परिसरात दरडीपूर्वीच्या तीन दिवसांत सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस झाला होता.

माणसाची भर या यंत्रणेत नेमक्या जागी पडते. रस्ता किंवा घराच्या जागेसाठी पायथा कापला की वरच्या मातीचा टेकू जातो. खणलेला राडारोडा उतारावर लोटला की वजन वाढतं. झाडं तोडली की मुळांची पकड जाते, पण लगेच नाही. मुळं कुजायला काही वर्षं लागतात, त्यामुळे तोड विसरली गेल्यावर दरड येते आणि दोन्हींचा संबंध कुणाच्या लक्षात येत नाही. तीव्र उतारावर यंत्राने खाचरं पाडली की निचऱ्याच्या जुन्या वाटा बुजतात आणि पाणी जमिनीत उतरतं. माळीणनंतर अशा सपाटीकरणाकडे अनेकांनी बोट दाखवलं होतं. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' हे माळरानावर उत्तम आहे, पण वाडीच्या डोक्यावरच्या खोल मातीच्या उतारावर पाणी जिरवणारे चर खणू नका. तिथे पाणी बाहेर काढायचं असतं.

पाहणी: मे महिन्यात एकदा, पहिल्या मोठ्या पावसानंतर पुन्हा

मे महिन्यात गवत वाळलेलं असतं, भेगा दिसतात. चार-पाच जण बरोबर घ्या. त्यात गुरं चारणारं कुणीतरी हवंच, कारण डोंगराची रोजची माहिती त्यालाच असते. एक वयस्कर माणूसही असू द्या. पूर्वी कुठून माती सुटली होती हे त्याला ठाऊक असतं, आणि एकदा सुटलेल्या जागेच्या आसपास पुन्हा सुटण्याची शक्यता जास्त असते. सोबत मोजपट्टी, एक मीटरची सरळ काठी, पाणसळ, ओळंबा, कोनमापक, चुना किंवा ऑइलपेंट, लोखंडी सळ्या आणि वही घ्या.

आधी उताराचा कोन मोजा. काठीचं एक टोक उतारावर टेकवा, काठी पाणसळीने आडवी धरा आणि दुसऱ्या टोकापासून जमिनीपर्यंतचं खालचं अंतर मोजा. ४७ सेंटिमीटर आलं तर उतार २५ अंश, ५८ आलं तर ३०, ७० आलं तर ३५, ८४ आलं तर ४० आणि १०० आलं तर ४५ अंश. मातीची दरड बहुतेक वेळा २५ ते ४५ अंशांच्या उतारावर सुटते. त्याहून उभ्या जागी माती फारशी टिकतच नाही, तिथे सुटे धोंडे पडण्याचा धोका असतो. एकाच ठिकाणी मोजून थांबू नका. मध्येच एखादा टप्पा जास्त उभा निघतो आणि तोच फसवतो.

मग घराच्या दारात उभं राहून वर बघा. मातीचा उतार जिथे संपतो आणि कडा सुरू होतो त्या रेषेकडे कोनमापकाची सरळ कड रोखा, त्याच्या मध्यबिंदूला बांधलेला ओळंब्याचा दोरा ९०च्या खुणेपासून किती अंश सरकला ते लिहा. हा कोन २५ अंशांपेक्षा जास्त असेल तर वरून सुटलेली माती घरापर्यंत पोचू शकते असं धरून चाला. २० ते २५च्या मधल्या घरांवरही खूण करा. हा ढोबळ नियम आहे आणि तो उघड्या उतारालाच लागू पडतो. ओढ्याच्या वाटेला तो लागू होत नाही. ओढ्यात शिरलेला चिखल-दगडांचा लोंढा अगदी सौम्य उतारावरही लांब जातो. ३० जुलै २०२४ला केरळच्या वायनाड जिल्ह्यात सुटलेला लोंढा सुमारे आठ किलोमीटर वाहत गेला आणि मुंडक्कई, चूरलमला ही गावं त्याच्या वाटेत आली. म्हणून कोन कितीही कमी असो, डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्याच्या काठावरची घरं धोक्याच्याच यादीत घाला.

आता वर चढा आणि या खुणा शोधा:

– उताराला आडव्या, विशेषतः चंद्रकोरीसारख्या वळलेल्या भेगा. एकीकडची जमीन दुसरीपेक्षा खाली बसली असेल तर ती सर्वांत गंभीर खूण.
– बुंध्याशी वाकून पुन्हा सरळ वाढलेली झाडं (हळूहळू सरकणारी माती), आणि नुकतीच कललेली झाडं किंवा विजेचे खांब (अलीकडची हालचाल).
– पायथ्याशी फुगून आलेली जमीन, पोट सुटलेले बांध.
– कोरड्या दिवसांतही ओली राहणारी नवी जागा, जागा बदललेला किंवा आटलेला झरा.
– न उघडणारी दारं, ओट्यापासून सुटलेली भिंत, कोपऱ्यातून तिरपे गेलेले तडे.

जमिनीतली प्रत्येक भेग धोक्याची नसते. काळी माती उन्हाळ्यात तडकतेच, पण त्या भेगा जाळीसारख्या सगळीकडे पसरतात आणि पावसाने मिटतात. दरडीची भेग लांब, एकटी आणि उताराला आडवी असते. पावसात ती रुंद होते.

शंका असलेल्या भेगेच्या दोन्ही बाजूंना, काठापासून अर्धा मीटर सोडून, तीन फुटी सळ्या दोन फूट खोल ठोका आणि डोक्यावर रंगाचा ठिपका द्या. दोन ठिपक्यांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये लिहा. अशा किमान तीन जोड्या लावा. सळी काठाला चिकटून ठोकली तर काठची माती ढासळते आणि माप चुकतं. घराच्या भिंतीतल्या तड्यावर काचेची पातळ पट्टी सिमेंटने आडवी चिकटवा. पट्टी तडकली की भिंत हलली. उन्हाळ्यात महिन्यातून एकदा आणि पावसाळ्यात रोज नोंद करा. माप किती आहे यापेक्षा ते कोणत्या वेगाने वाढतंय हे महत्त्वाचं. आठवड्याला एक मिलिमीटर वाढणारी भेग दिवसाला पाच मिलिमीटर वाढू लागली, तर तिथून माणसं हलवायची वेळ आली.

पावसाआधी करता येणारी कामं

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी काम पाण्याचं. भेगा चिकणमातीने ठासून भरा आणि वर ताडपत्री किंवा जाड प्लास्टिक अंथरा, कारण भेग म्हणजे पाणी थेट आत उतरायची वाट. धोक्याच्या उताराच्या वर, स्थिर जमिनीत, पाणी वळवणारा चर काढा. १०० मीटर लांबीला एक ते दोन मीटर उतार द्या आणि दगड-सिमेंटचं अस्तर करा. पैसे नसतील तर निदान प्लास्टिक घाला. अस्तर नसलेला चर पाणी वाहून न नेता डोंगरात सोडतो. चराचं तोंड खडकाळ ओढ्यात काढा, शेजारच्या वाडीच्या उतारावर नव्हे. गळकी टाकी, फुटलेली नळयोजना, उतारावर सोडलेलं सांडपाणी हेही मेमध्येच दुरुस्त करून घ्या.

घरामागे कापलेला डोंगर असेल तर मुरमातला दीड मीटरपेक्षा उंच उभा काप तसाच ठेवू नका. जितकी उंची तितकी आडवी जागा देऊन तो ४५ अंशांपर्यंत तिरका करा, काम वरून खाली करा आणि काप व घर यांत किमान कापाच्या उंचीइतकं अंतर राखा. कोरडा मुरूम वर्षानुवर्षं उभा राहतो आणि एका भिजलेल्या रात्री बसतो. इतक्या वर्षांत काही झालं नाही, हा भरवसा त्याच्याबाबत धरू नये.

संरक्षक भिंती पडतात त्या बहुधा मागे साठलेल्या पाण्यामुळे. भिंतीत दर दीड मीटरवर ७५ ते १०० मिलिमीटर व्यासाचे पाइप, मागे खडी-वाळूचा थर आणि पायथ्याशी गटार हवं. गिलावा करताना पाइपांची तोंडं बुजवली जातात ही नेहमीची चूक. मुसळधार पावसात जाऊन बघा: डोंगर ओला आणि पाइप कोरडे असतील तर पाणी मागे तुंबलंय. जाळीत दगड भरून केलेल्या बांधातून पाणी आपोआप निघतं आणि तो थोडा वाकला तरी एकदम कोसळत नाही, म्हणून वाडीसाठी आम्ही तोच सुचवू. वाळा आणि स्थानिक झाडं जरूर लावा, पण अपेक्षा मर्यादित ठेवा. मुळं वरची एक-दोन मीटर माती धरतात, त्याखालून सरकणारी दरड ती थांबवू शकत नाहीत.

नियोजन केलं की काय साधतं याचं उदाहरण आपल्याकडेच आहे. कोकण रेल्वेवर २००३ साली वैभववाडीजवळ आणि २००४ साली करंजाडीजवळ दरडीच्या दगडांमुळे मोठे अपघात झाले. त्यानंतर कापांवर जाळ्या बसवल्या गेल्या, कापांचे उतार कमी केले गेले आणि पावसाळ्यात गस्त व कमी वेगाचं स्वतंत्र वेळापत्रक आलं. डोंगर तेच आहेत आणि पाऊसही तोच.

पाहणीचे फोटो, भेगांची मापं आणि धोक्यातल्या घरांची यादी ग्रामसभेच्या ठरावासह तहसीलदारांकडे द्या आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाकडून जागेची तपासणी मागा. पोच घ्या. या विभागाच्या 'भूसंकेत' पोर्टलवर दरडप्रवण भागांची माहिती आहे, तीही पाहा. मात्र तुमचं गाव यादीत नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. इरशाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. पुनर्वसनाची जागा सुचवली गेली तर तिचीही हीच तपासणी करा, विशेषतः प्लॉट मूळ जमिनीवर आहे की भरावावर. पुनर्वसित माळीणमध्ये २०१७च्या पहिल्याच पावसाळ्यात रस्ते खचले होते.

गावाचा पाऊस गावानेच मोजा

तालुक्याच्या ठिकाणचा आकडा डोंगराखालच्या वाडीला उपयोगी नसतो. घाटात पाच किलोमीटरवर पाऊस दुप्पट होऊ शकतो. २० सेंटिमीटर व्यासाचं गोल तोंडाचं नरसाळं २० लिटरच्या कॅनला घट्ट बसवा आणि उघड्यावर ठेवा. जवळच्या झाडापासून किंवा घरापासून त्याच्या उंचीच्या दुप्पट अंतर हवं. जमलेलं पाणी मापाच्या भांड्याने मोजा: दर ३१.४ मिलिलिटर म्हणजे एक मिलिमीटर पाऊस. कॅन एवढा मोठा का? जुलै २०२१मध्ये महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. तेवढ्याचे या नरसाळ्यातून साडेअठरा लिटरहून थोडे जास्त होतात. दोन लिटरची बाटली नेमक्या त्याच रात्री भरून वाहते आणि माप हुकतं.

रोज सकाळी साडेआठला नोंद करा, हवामान खातंही त्याच वेळी मोजतं. जोराचा पाऊस असेल तर दर तीन तासांनी मोजा आणि मागच्या तीन दिवसांची बेरीज शेजारी लिहा. वायनाडमध्ये कलपेट्टाचं ह्यूम सेंटर हे पर्यावरण अभ्यास केंद्र शेतकऱ्यांच्या मदतीने असाच ठिकठिकाणचा पाऊस गोळा करतं, आणि २०२४च्या दरडीआधी त्याने प्रशासनाला धोका कळवला होता. माप हाती असणं आणि माप पाहून माणसं हलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून आकडे आणि त्यावरची कृती मेमध्येच ग्रामसभेत ठरवा.

सुरुवातीला हे धरा. २४ तासांत ११५ मिलिमीटर, म्हणजे हवामान खात्याच्या 'अति जोरदार' पावसाची पायरी ओलांडली, की रात्रीचा पहारा सुरू. २४ तासांत २०० किंवा तीन दिवसांत ३५० झाले आणि पाऊस चालूच असेल, तर धोक्याची घरं अंधार पडण्याआधी रिकामी. अतिपावसाच्या घाटमाथ्यावर हे आकडे वरचेवर ओलांडले जातील. तिथे आपल्या वहीतल्या दोन-तीन पावसाळ्यांच्या नोंदींवरून ते वाढवा. भेग रुंदावत असेल तर आकड्याची वाट पाहूच नका.

निघायचं कधी, आणि कुठे

काही खुणांना चर्चा नसते, लगेच निघायचं. भर पावसात ओढ्याचं पाणी अचानक कमी झालं तर वर कुठेतरी माती आडवी पडून पाणी तुंबलंय आणि ते एकदम सुटेल. स्वच्छ झरा गढूळ झाला, डोंगरातून गडगडाट किंवा झाडं मोडल्याचा आवाज आला, छोटे दगड सतत घरंगळू लागले, तरीही निघा. पळताना उताराला आडवं, बाजूच्या सोंडेकडे (डोंगराच्या उतरत्या धारेकडे) जा. लोंढ्याच्या पुढे खाली पळून कुणी सुटत नाही. ओढा ओलांडू नका.

आसऱ्याची जागा आधी त्याच कोनमापकाने तपासा. शाळा किंवा समाजमंदिर पायथ्याशीच असेल तर तिथे जाऊन उपयोग नाही. वाट दिवसा आणि रात्री, म्हातारी माणसं आणि मुलांना घेऊन चालून पाहा आणि लागलेला वेळ लिहून ठेवा. इरशाळवाडीला गाडीरस्ता नव्हता आणि बचाव पथकांना चढून जावं लागलं. अशा वाडीने पहिले काही तास स्वतःच्याच बळावर काढायचे आहेत, हे धरून तयारी हवी: पहारी, फावडी, दोर, विजेऱ्या, भोंगा, भरलेले फोन. गुरं आधी हलवा. माणसं बाहेर पडतात आणि दावणीला बांधलेल्या जनावरासाठी परत जातात. पोलीसपाटील, ११२ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हे क्रमांक प्रत्येक घराच्या दाराआड रंगवून ठेवा.

पाऊस उघडला म्हणून त्याच संध्याकाळी परत येऊ नका. जमिनीतलं पाणी उतरायला वेळ लागतो, दरडी पाऊस थांबल्यावर काही तासांनीही सुटतात. एकदा सुटलेल्या दरडीच्या वरच्या काठावर नव्या भेगा पडलेल्या असतात, तिथून दुसरा तुकडा येतो. परतण्याआधी दोघांनी दिवसाउजेडी, बाजूच्या सोंडेवरून वर जाऊन सळ्यांची मापं घ्यावीत. सलग तीन दिवस माप वाढलेलं नसेल, झरा पुन्हा स्वच्छ झाला असेल, ओढा नेहमीसारखा वाहत असेल आणि पुढच्या दोन दिवसांत मोठ्या पावसाचा इशारा नसेल, तर घरी परता. यातली एक गोष्ट जरी जुळत नसेल तर मुक्काम वाढवा आणि तहसीलदारांना तसं लेखी कळवा.